भिंत राहिली, मंगले

मंगले, यंदा आपल्या घरात एकही सण नाही. सगळे सण मागच्या पडवीच्या भिंतीवर आहेत, तू काढून ठेवलेस तसेच, आणि त्यांच्यासमोर तुझी लेक बसलेली असते. डोळ्यांत टिपूस नाही. तू गेलीस तेव्हापासून दीपाली एकदाही रडलेली नाही. मी ओक्साबोक्शी रडले, भाऊजी गोठ्यात जाऊन रडले, आणि आमचे हे, जे स्वतःच्या बापाला रडले नाहीत, ते तुला रडले. पोर मात्र कोरडी ठणठणीत. म्हणून लिहायला बसले. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला काही सुचत नाही, हे तुला माहीतच आहे.

तू साक्रीकडची, डोंगराच्या कुशीतली, पावसाच्या भरवशावर पिकणाऱ्या गावातली. आणि आलीस कुठे, तर फैजपूरच्या केळीत. मी थोरली जाऊ, आधीच तोंडाची फटकळ. तुझी ती अहिराणी, 'शे' आणि 'बठ्ठं', ऐकून मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना म्हटलं होतं, ही काय बोलते ते मला कळत नाही, हिला काय सांगायचं ते मी हातवाऱ्यांनी सांगते. तू मागे उभी होतीस. हसलीस. मला वाटलं, चला, पोर गरीब आहे. कसची गरीब! पहिल्याच हिवाळ्यात तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी मागच्या पडवीत जाळायला कपाशीच्या पळकाट्या आणायला गेले, तर चुलीमागच्या भिंतीवर हे एवढं तुळशीवृंदावन. दोन्ही बाजूंना ऊस, खाली बोरं-आवळे, आणि अंतरपाट धरलेली दोन माणसं. भिंत नुकतीच चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली. माझं डोकंच फिरलं.

"कोणाला विचारून काढलं वं हे?"

"इचारानं काय शे त्यामा, अक्का? लगीन शे तुळशीनं. भीत उघडीबोडकी कशी ठेवानी?"

सासूबाईंनी येऊन पाहिलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाल्या, नवरा जरा ठेंगणा काढला. झालं. तेवढंच. तिथून तुला जे रान मोकळं मिळालं ते मिळालंच.

गेरू, हळद, नीळ, चुलीची काजळी. पुढे बाजारातून पुडीचे रंग. कुंचला म्हणजे बाभळीची काडी, दातांनी चावून मऊ केलेली. मोठं काही रंगवायचं असलं की भाऊजींचा दाढीचा ब्रश. त्यापायी भाऊजी कितीदा गालावर निळा फेस घेऊन फिरले असतील! तुळशीच्या लग्नापासून डावीकडून सुरुवात व्हायची. मग चंपाषष्ठी, मग शेतातलं भरीत, पौषातल्या थंडीत केळीला ऊब मिळावी म्हणून बागेत केलेला धूर, मग भोगी, मग सगळ्यात उजवीकडे संक्रांत. घरात जे घडलं तेच भिंतीवर यायचं, आणि त्याच वर्षाचं यायचं. एका वर्षी तळी उचलताना भाऊजींच्या हातून नारळ निसटून आमच्या ह्यांच्या पायावर पडला. भिंतीवर तोच नारळ, आणि हे एका पायावर. पाहुणे आले की आधी भिंत बघायला मागे जायचे आणि मग पाणी मागायचे.

आणि मी? मला तू दरवर्षी तोंड उघडलेलं काढायचीस.

"एखाद्या वर्षी तरी माझं तोंड बंद काढ," मी म्हणायचे.

"एखादा वरीस बंद ठेवा ना मंग."

अगं, मी ओरडणार नाही तर काय करणार! चंपाषष्ठी आली की मला तुझा जो राग यायचा! चातुर्मासात वांगं बंद. खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग वांगं सुटायचं. इतके महिने वाट बघितलेली, आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात मावणार नाहीत अशी वांगी. पळकाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात, दाणे, तेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळून तयार. सगळे पंगतीला बसलेले. आणि तू? तू वांगं जाळावर कसं फुटतं ते बघत उकिडवी बसलेली, तोंडात बाभळीची काडी. "काय वं मंगले, भरीत थंड होऊन राह्यलं आन् तू काड्या चावत बसली!" असं मी दरवर्षी म्हटलं असेल. तू दरवर्षी म्हणायचीस, ऊनू ना, ऊनू. आणि यायची नाहीस. तुझ्यासाठी वाटी झाकून ठेवायची, ती तू तिसऱ्या प्रहरी खायचीस आणि म्हणायचीस, थंडं भरीतच ग्वाड लागस. माझ्या कष्टाचं मातेरं करून वर हे. पण खरं सांगू, तुझी वाटी झाकताना मला बरं वाटायचं. घरात कुणीतरी मागे राहून बघतंय, आपण काय करतो ते कुणाच्या तरी डोळ्यात साठतंय, असं वाटायचं. हे तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर बसली असतीस.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. घट बसायच्या आधी घरं धुवायला निघतात, सारवणं होतात, चुना लागतो. तेव्हा तू पदर खोचून मागच्या पडवीत जायचीस आणि स्वतःच्या हातानं अख्खी भिंत पांढरी करायचीस. दरवर्षी. मी किती वेळा आडवी आले असेन! अगं, राहू दे ना हे, इतकं चांगलं आलंय. दुसरी भिंत घे. समोरची घे. पण तू ऐकशील तर शपथ.

"शिळं व्हई गयं अक्का. पुढला हिवाळाले जागा नको?"

शिळं म्हणे! भाकरी आहे का ती?

माझी आई गेली त्या वर्षीची गोष्ट मी विसरायची म्हटली तरी विसरणार नाही. तिचं सुतक धरून मी माहेराहून आले आणि संक्रांतीला कुणाला वाणसुद्धा दिलं नाही, चूलच धरून बसले. दोन दिवसांनी बघते तर भिंतीवर संक्रांतीची सुगडं मांडलीत, ऊस, बोरं, घाटे, गाजरं, आणि सुगडांच्या पलीकडे माझी आई बसलीये. तशीच, एक गुडघा वर करून, कानातल्या बाळ्या खाली ओघळलेल्या. तू तिला जेमतेम चारदा पाहिलं असशील. मी त्या भिंतीसमोर कितीतरी महिने भाकऱ्या थापल्या. येता-जाता आईशी बोलायचे. आणि दसऱ्याआधी तू चुन्याची बादली घेऊन आलीस.

मी हात धरला तुझा. म्हटलं, बाकी सगळं पूस, तेवढी आई ठेव. तू माझा हात सोडवलास आणि कुंचला फिरवलास. मी तुला काय काय बोलले! दगड म्हटलं, हडळ म्हटलं. तू चुना मारता मारता म्हणालीस, "मी पुसत नही अक्का. पांघरुन घालस." मी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू चहा आणून ठेवायचीस, मी तो मोरीत ओतायचे. पण त्यानंतर एक झालं, मंगले. भिंत होती तोवर आई म्हटलं की मला भिंतीवरची आई दिसायची, तेवढीच, एक गुडघा वर केलेली. भिंत गेली आणि हळूहळू आई परत आली. भांडणारी, गोधडी शिवणारी, मला झोडपणारी, सगळी. हे मला तेव्हा कळलं, पण तुला सांगितलं नाही. तुला कसं सांगणार? मी तुझ्यावर रुसले होते ना!

यंदा भादव्यात तू जळगावला दवाखान्यात होतीस. घरी आणली तेव्हा घट बसायला आले होते. पुढचं घर मी कसंबसं धुऊन काढलं. मागे हात लावला नाही. तू खाटेवरून विचारलंस, "भीत व्हयनी का?" मी म्हटलं, नाही झाली, बरी हो, मग तूच कर. तू म्हणालीस, "कोणीबी करा. भीत ऱ्हायनी ना अक्का." मी म्हटलं, राहू दे राहिली तर. तू माझ्याकडे बघितलंस, मान भिंतीकडे वळवलीस, आणि आपलं ते भांडण तिथेच राहिलं. दसऱ्याच्या पाठोपाठ तू गेलीस.

तुझ्या दिवसांना, गंधमुक्तीला आलेली माणसं जेवून मागे गेली आणि भिंतीचे फोटो काढून गेली. बायका म्हणाल्या, कलाकार होती हो. मेल्या! तू होतीस तेव्हा म्हणायच्या, हिला काही काम नाही का.

मग हिवाळा आला. वर्ष पाळायचं म्हणून आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं नाही. भिंतीवर मात्र अंतरपाट धरलेला. चंपाषष्ठीला तळी उचलली नाही. शेजारच्या कमलनं भरीत झाकून आणून दिलं. मेलीनं तेल इतकं ओतलं होतं की वांगं शोधावं लागलं. मी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. दीपालीनं ताटाकडे पाहिलंही नाही. ती भिंतीवरच्या भरिताकडे बघत होती, जाळावरच्या फुटक्या वांग्याकडे. म्हटलं, बघू दे. आईनं काढलेलं आहे, लेकीनं बघावं. मी स्वतः तरी दुसरं काय करत होते? यंदा भिंत शिळी झाली नाही, मी जिंकले, असंसुद्धा मनात आलं बघ माझ्या.

पण पोर उठेचना तिथून. आधी जेवण मागच्या पडवीत, मग दुपार, मग खाटच तिथे नेली. पौषातली थंडी, वरून पत्रा, रात्रभर खोकायची. माघात तिचं लग्न आहे गं! तू असतानाच ठरलेलं, दोंडाईच्याचं स्थळ, चांगली माणसं. व्याही येऊन बसले, म्हणाले, वर्षाच्या आत उरकू, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, तुम्ही म्हणाल तसं. दीपाली आतून म्हणाली, थांबू. मी विचारलं, का गं? तर म्हणते, मला हे सोडून जायचं नाही. हे म्हणजे भिंत. भाऊजी खाली मान घालून बसले. तुझा नवरा कधी बोललाय, की आता बोलेल! ते मला एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघा."

मी काय बघू? लग्नासाठी घराला रंग द्यायला रंगारी ठरला. त्यानं सगळीकडे फिरून भिंती पाहिल्या आणि मागच्या भिंतीशी आल्यावर थांबला. म्हणाला, हिचं काय? आमचे हे म्हणाले, ठेवा. भाऊजी म्हणाले, ठेवा. दीपाली नुसती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर मी जे मागितलं ते सगळ्यांनी मला देऊन टाकलं होतं. आणि मी दीपालीकडे बघत होते. तिचं तोंड पोरीचं राहिलंच नव्हतं गं. चुन्यासारखं पांढरं.

इथवर लिहून कागद मिटून ठेवला होता, पुढचं आता लिहितेय. भोगीच्या दिवशी मी तीळ लावून बाजरीच्या चार भाकऱ्या थापल्या. सण म्हणून नाही, पोरीच्या पोटात काही जावं म्हणून. ताट घेऊन मागे गेले. भिंतीसमोर दिवा लावलेला, उदबत्ती, आणि संक्रांतीच्या सुगडांच्या वर खिळा ठोकून झेंडूचा हार लटकवलेला. खिळा ठोकलेला, मंगले! तुझ्या भिंतीला! माणूस गेल्यावर फोटोला घालतात तसा हार. मी ताट खाली ठेवलं आणि तो हार ओढून काढला.

"मोठीआई!" दीपाली ओरडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"काय मोठीआई? कोणाले घातला हा हार?"

"आईला."

"तुह्यी माय कुठी हाये यात? दाखव मले."

तिनं भिंतीकडे बघितलं. तुळशीपाशी मी, भाऊजी, ती स्वतः. तळीपाशी हे आणि भाऊजी. भरितापाशी मी, तोंड वासून. बागेतल्या धुरात गडीमाणसं. भोगीला शेजारच्या पोरी. संक्रांतीला कमल, तिची सून, परत मी. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली. बोटानं एकेक तोंड चाचपलं. मीही इतके दिवस तेच करत होते, तिला सांगितलं नव्हतं इतकंच. इतक्या वर्षांत तू स्वतःला एकदाही काढलं नाहीस. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणालीस, "मी तं काढस ना अक्का. मंग मी त्यामा कशी ऱ्हासू?"

दीपाली खाटेवर बसली. म्हणाली, "नाहीये." बस, एवढंच. मग भाकरी खाल्ली. खाताना माझ्याकडे बघितलं नाही.

संक्रांत गेली. किंक्रांतीला शुभकाम करत नाहीत म्हणून तो दिवस सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुना कालवला, चाळणीतून गाळला, त्यात चिमूटभर नीळ टाकली. रंगाऱ्याला म्हटलं, तुझा रोलर आणि तुझा तो प्रायमर पुढच्या घरात फिरव, मागे येऊ नकोस. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. "अगं, तूच तर भांडायची ना तिच्याशी हे ठेव म्हणून?" मी म्हटलं, "मग? अजूनही भांडतेय. तुम्ही मध्ये पडू नका."

डावीकडून सुरू केलं. पहिला पट्टा वाकडाच गेला. मी बोलत होते, मंगले, मोठमोठ्यानं. ठेंगण्या नवऱ्यापासून सगळं काढलं. तुला मी दगड म्हटलं होतं ते काढलं. मोरीत ओतलेला चहा काढला. म्हटलं, बाई गं, हे काम तू दरवर्षी कसं करायचीस, तुझी छाती फुटत नव्हती का? आणि मला वर हसून दाखवायचीस! मला तुझा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मला कळेना मी चुना मारतेय की भिंतीला मिठी मारतेय. लुगडं, हात, कपाळ, सगळं पांढरं. संक्रांतीपर्यंत पोहोचले तेव्हा मागे पावलं वाजली. दीपाली आली होती. मला वाटलं, आता ही माझा हात धरणार. मी धरला होता तसा. आणि मंगले, तिनं धरला असता ना, तर तुझ्यासारखा सोडवून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती.

तिनं नाही धरला. बाजूला पडलेली खाट ओढली आणि बसली. मी शेवटचा हात फिरवला आणि तिच्याशेजारी टेकले.

तुला माहीत असणार, मला माहीत नव्हतं. चुना ओला असेपर्यंत खालचं सगळं दिसतं. एवढी बादली ओतली आणि भिंत होती तशीच. तुळस, नारळ, वांगी, धूर, सुगडं, सगळं होतं, फक्त लांब गेल्यासारखं. मग वरच्या कोपऱ्यातून वाळायला लागलं. ऊस गेले. अंतरपाट गेला. आम्ही बघत होतो. एकेक जात होतं आणि जागा पांढरी होत होती, अगदी सावकाश, ऊन जसं पत्र्याखालून सरकत येईल तशी.

आतून भाऊजींनी चहाला हाक मारली. मी उठायला लागले तर दीपालीनं माझा चुन्यानं भरलेला पदर धरला.

"थांब ना मोठीआई. अजून दिसतंय."

मी बसले. ऊन अख्ख्या भिंतीवर चढेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. शेवटी काही दिसेना झालं, आणि तुझी लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मंगले. मोठ्यानं रडली, लहानपणी रडायची तशी, 'आई आई' करून.